उसना शब्द आणि उपासनास्थान

उपासनेच्या शब्दांत परभाषा शिरली की समाजाचे स्वत्व ढळले, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. यहुदी वसाहतींची दोन उदाहरणे पाहता तो टिकत नाही.

ईजिप्तमधील एलेफंटाइन बेटावरील यहुदी सैनिकांच्या वसाहतीत 'याहू'चे मंदिर होते. ते इ. स. पू. ४१० मध्ये पाडण्यात आले. पुनर्बांधणीसाठी इ. स. पू. ४०७ मध्ये यहूदाच्या सुभेदाराकडे केलेल्या अरेमाइक अर्जात या मंदिराला व ईजिप्ती देवळांना एकच शब्द योजिला आहे, तोही मुळात अक्कादी. पुरोहितांविषयी मात्र तसे नाही: ख्नूमचे ते 'कुमरा', याहूचे ते 'काहना'.

कोकणातून आलेल्या बेने इस्राएलांचे मुंबईतील पहिले प्रार्थनागृह सॅम्युअल दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. येथे बली नाही, केवळ प्रार्थना. तरी त्यास 'मशीद' हे नाव रूढ झाले. परंतु शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या समाजाला शेजारी 'शनवार तेली' म्हणत. वास्तूचे नाव उसने, वार मात्र स्वतःचा.

तेव्हा शब्द कोठून आला एवढेच पाहून भागत नाही; समाजाने भेद कोठे राखला, हे पाहणे अगत्याचे आहे.