‘आत्मवृत्त’मधला विद्यार्थी आणि आमची कोरी पाने

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. लोक ते पुनर्विवाह आणि स्त्रीशिक्षणासाठी वाचतात. आम्ही ते अलीकडे पुन्हा वाचले ते त्यातल्या विद्यार्थ्यासाठी. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा मुरुडचा मुलगा फार ओळखीचा वाटतो. दापोली, हर्णे, खेडकडची आमची मुले अशाच घरांतून येतात.

१८७५ साली हा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला पायी गेला. शंभर मैलांवर चाल. तिथे साहेबांनी एकदा पाहिले आणि वय कमी दिसते म्हणून परत पाठवले. पुढे मॅट्रिक १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बी.ए. १८८४ साली. आज आमच्या शाळेत असा विद्यार्थी आला तर दाखल्यातल्या जन्मतारखेवरच अडेल! मुंबईत शिकवण्या करून त्यांनी शिक्षण काढले. हे सगळे कर्वे जमाखर्चाची वही वाचावी तसे सांगतात. कुठे रडणे नाही, कुठे फुशारकी नाही. गरिबीवर भावनेचा गिलावा चढवणाऱ्या आत्मचरित्रांची आपल्याकडे कमी नाही. त्यांच्यापुढे हे कोरडे गद्य आम्हाला जास्त प्रामाणिक वाटते.

पण कोरडेपणाची किंमतही आहे. १८८२ साली थोरला मुलगा रघुनाथ जन्मला तेव्हा कर्वे कॉलेजात शिकत होते. म्हणजे गावाकडे बायको, मूल आणि इथे गणिताची पुस्तके. राधाबाईंवर त्या वर्षांत काय गुजरले, ते या वहीत फारसे नोंदलेले नाही. १८९१ साली त्या गेल्या. विद्यार्थ्याच्या घराची ही दुसरी बाजू कळायला त्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ शेजारी ठेवावे लागते. बालविधवा गोदूबाई म्हणून त्या १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या चौपाटीवरच्या शारदा सदनात दाखल झाल्या. त्यांच्या लिहिण्यात चूल, मोलमजुरीसारखे राबणे, बोलणी खाणे सगळे आहे. आमच्या मते या दोघांपैकी मोठा लेखक कोण, तर आनंदीबाई.

दुसरी उणीव आम्हाला अधिक खुपते. कर्वे आधी विल्सन कॉलेजात होते, मग एल्फिन्स्टनमध्ये. विल्सनची चौपाटीवरची इमारत १८८९ची, तेव्हा ती नव्हती. एल्फिन्स्टनही त्या काळी काळ्या घोड्याला नसून भायखळ्याला, आजच्या जिजामाता उद्यानासमोर होते. गिरगावातून पायी भायखळ्याला जायचे तर वाट आमच्या मोहल्ल्यांना लागूनच जाते. पुस्तक मिटल्यावर त्या मोहल्ल्यांचा एकही चेहरा आमच्या मनात राहिला नाही. ही कर्व्यांची चूक म्हणावी का? माणूस आपल्या वाटेवर जे पाहतो तेच लिहितो. आमच्या वाटेचे आम्ही लिहायला हवे होते.

लिहिण्यासारखे घडत नव्हते असेही नाही. बद्रुद्दीन तय्यबजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून १८६० साली विलायतेला गेले. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली, १८८० साली तिची शाळा निघाली. म्हणजे कर्वे मॅट्रिकची तयारी करीत होते त्याच वेळी या शहरात आमची मुले नव्या तालीमच्या बाकावर बसत होती. त्यांपैकी एखाद्याचे ‘आत्मवृत्त’ मराठीत आमच्या वाचनात आलेले नाही. उर्दूत आहे ते अतिया फैजी यांचे ‘जमाना-ए-तहसील’, १९२१ साली छापलेले. सुरेख पुस्तक आहे, आणि तेही १९०६-०७ मधल्या शिक्षक-प्रशिक्षण घेणाऱ्या मुलीचे, म्हणून आम्हा बी.एड.वाल्यांना विशेष जवळचे. पण त्यातले शहर लंडन आणि घर तय्यबजी-फैजींचे. मुसाफिरखान्यात पथारी टाकून अभ्यास करणारा कोकणी मुलगा तिथे कुठून सापडणार?

घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, कचेरीत इंग्रजी, गावच्या कागदांत मराठी. या चौघींत आमची आठवण वाटली गेली आणि एकीतही नीट उतरली नाही. याला अशिक्षितपणा म्हणून मोकळे होणारे लोक आमच्याच कौमेत आहेत. आम्हाला ते पटत नाही.

मागे आम्ही नववीच्या मुलांना घरातला सर्वांत जुना शाळेचा कागद आणायला सांगितले. बहुतेक रिकाम्या हाताने आले. एकाने पणजोबांचे बोटीवरच्या नोकरीचे पुस्तक आणले, घरात त्याहून जुने काही नव्हते. उंची, डाव्या भुवईवरचा व्रण, बंदरांचे शिक्के. मागच्या पुठ्ठ्यावर चार ओळी हाताने लिहिलेल्या होत्या, मोडीत. आम्हाला मोडी येत नाही. त्या वाचून देणारा माणूस आम्ही अजून शोधतो आहोत.