द्रौपदीचा प्रश्न

दुर्गाबाई भागवत यांचे ‘व्यासपर्व’ १९६२ साली प्रसिद्ध झाले. महाभारतातील व्यक्तींना देव्हाऱ्यातून उतरवून माणूस म्हणून न्याहाळणारे हे लेखन भाविकास प्रथम खटकेल. पण त्यात अवज्ञा नाही, आस्था आहे. कीर्तनात द्यूतसभेचे आख्यान ऐकताना श्रीकृष्णाने वस्त्रे पुरविली, येथे आपण समाधान पावतो. द्रौपदीचा प्रश्न मात्र विसरतो. जो आधी स्वतःलाच हरला, त्याला मला पणास लावण्याचा अधिकार कोठला? भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म म्हणून उत्तर टाळले; विदुर आणि विकर्ण तेवढे बोलले.

तसा प्रसंग पुढे लेखिकेवरच आला. १९७५ साली आणीबाणी पुकारली गेली, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, इंदुरात जन्मलेल्या या विदुषीने अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याचा निर्भय पुरस्कार केला. आणीबाणीतच त्यांना कारावास घडला.

ग्रंथाचे मोल ग्रंथकाराच्या आचरणावरून ठरवू नये, हे खरे. तथापि ‘व्यासपर्व’ आज वाचताना कऱ्हाड आठवल्यावाचून राहत नाही. राजा कितीही थोर असो, सभेने प्रश्न विचारणे सोडले की धर्म तेथून उठून जातो.