साथीदाराचे ऋण

मराठीत गवयांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातला मोठा भाग आख्यायिकांचा आहे. अमक्या खाँसाहेबांनी कोणत्या दरबारात काय गायले, तमक्या बुवांनी गुरुगृही किती वर्षे पाणी भरले, कोणाचा षड्ज लागताच सभा कशी स्तब्ध झाली, हे आपण आवडीने वाचतो नि घरातल्या मुलांना सांगतो. त्यात गैर काही नाही. पण अशा कथांतून संगीत म्हणजे क्वचित कडाडणारी वीज आहे असा समज होतो. ज्या माणसाला आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी वाजवायचे आहे, ज्याच्या घरात त्या बिदागीवर चूल पेटते, त्याच्या आयुष्यात वीज रोज कडाडत नाही. तरीही तो माणूस आनंदाने वाजवीत असेल, तर तो आनंद कोठून येतो? या प्रश्नासाठी मी गोविंदराव टेंबे यांच्या 'माझा संगीत व्यासंग' या पुस्तकाकडे पुनःपुन्हा वळते.

टेंबे यांचा जन्म १८८१ चा, कोल्हापूरकडचा; १९५५ साली ते निवर्तले. पेटी त्यांनी मुख्यत्वे ऐकून नि स्वतः धडपडून आत्मसात केली, आणि भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाच्या साथीला ते बसले. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातल्या पदांना चाली टेंबे यांनी दिल्या; ठुमरी, कजरीसारख्या पूरबकडच्या ढंगाचे वारे त्यांनी नाट्यसंगीतात आणले. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. काही वर्षांतच ते तिच्यातून बाहेर पडले. पुढे १९३२ साली 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका केली ती त्यांनीच, आणि संगीतही त्यांचेच. वादक, संगीतकार, नट, नाटककार, चरित्रकार अशी एवढी घरे फिरलेला माणूस १९३९ साली आपले संगीतजीवन सांगावयास बसला, तेव्हा त्याने पुस्तकाला नाव दिले ते 'व्यासंग'.

हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. संगीताविषयी बोलताना आपल्याला 'साधना', 'तपश्चर्या', 'उपासना' हे शब्द चटकन सुचतात. ते सगळे देवघरातले शब्द आहेत. त्यांत काहीतरी सिद्ध व्हावयाचे असते, कोणीतरी प्रसन्न व्हावयाचे असते. व्यासंगाला असे फळ नाही. व्यासंग म्हणजे लागून राहणे. विद्वानाला ग्रंथांचा व्यासंग असतो, तो ग्रंथ त्याला वर देतील म्हणून नव्हे, तर त्यांच्या संगतीवाचून त्याला करमत नाही म्हणून. टेंबे यांनी संगीताला देवळातून उचलून संगतीत आणले. ज्याला रोज काम करावयाचे आहे त्याला ही संगतच पुरते; साक्षात्काराची वाट पाहत बसणाऱ्याचे बहुतेक दिवस फुकट जातात.

आता हे पुस्तक संगीताच्या ज्या जागेवरून लिहिले गेले, ती जागा कोणती ते पाहू. पेटीवाला गवयाच्या बाजूला बसतो. गवयाची काळी एक की काळी चार हे त्याला आधी ठाऊक असावे लागते. गवई स्वर घेतो, त्याच्यामागून पेटीचा स्वर निघतो. पण हे मागून येणे इतके लगत असावे लागते की ऐकणाऱ्याला ते मागून आले असे वाटू नये. गवयाने श्वास घेतला की मधली रिकामी जागा भरावयाची, आणि त्याने पुन्हा तोंड उघडण्यापूर्वी ती सोडावयाची. पुढे गेले तर उद्धटपणा, मागे राहिले तर ओझे. पुढची जागा काय असेल याचा अंदाज बांधता येण्यासाठी साथीदाराला गाणे गवयाइतकेच समजावे लागते, आणि समजलेले सगळे दाखवावयाचा मोह आवरावा लागतो.

अशा जागी जन्म काढलेल्या माणसाच्या लिहिण्यालाही तीच सवय लागते. टेंबे यांचे आत्मकथन वाचताना 'मी' पुष्कळदा बाजूला सरकतो आणि ज्यांना ऐकले ती माणसे मध्ये येऊन बसतात. आत्मचरित्राचा काटेकोर मापदंड लावणारा टीकाकार याला दोष म्हणेल. लेखकाचे अंतरंग कोठे आहे, त्याचे झगडे कोठे आहेत, असे तो विचारील. मला वाटते, अंतरंग तेथेच आहे. आपण काय ऐकले आणि ते ऐकून आपण कसे घडलो, एवढीच या माणसाची खरी मिळकत. ती मोजून दाखवणे हेच त्याचे आत्मचरित्र. पुढे अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी लिहिले, यात नवल नाही. अति गाण्याने स्वतःचा मूळचा आवाज गमावून बसलेल्या नि मग उरलेल्या आवाजातून एक नवी गायकी उभी करणाऱ्या त्या गवयाचे मोल एका साथीदाराला कळावे, हे साहजिक होते. दोघांनाही हातात असलेल्यातूनच काम भागवावयाचे होते.

याला मी कृतज्ञता म्हणते. पण हा शब्द वापरताना सावध राहिले पाहिजे. आपल्याकडे कृतज्ञता म्हणजे नम्रता, नम्रता म्हणजे मान खाली घालणे, असे समीकरण रूढ आहे. टेंबे यांचे आयुष्य त्याला खोटे पाडते. स्वतः उभ्या केलेल्या मंडळीतून ते निघाले, 'शिवराज' नावाची दुसरी मंडळी काढली, पुढे बोलपटात गेले. ऋण मानणारा माणूस निघूनही जाऊ शकतो. ऋण असते ते सुरांचे नि शिकवणाऱ्यांचे. संस्थेच्या दाराशी बांधून घेण्याचा करार त्यात नसतो.

या पुस्तकाच्या भाग्यात एक विलक्षण योगायोग होता. ते प्रसिद्ध झाले १९३९ साली. आणि १९४० च्या मार्चपासून नभोवाणीने पेटीला बंदी केली. पेटीची पट्टी स्वराला एका जागी खिळवते, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, हा आक्षेप होता, आणि तो निराधार नव्हता. रवींद्रनाथांसारख्यांनाही पेटी नकोशी होती. ही बंदी सुमारे तीन दशके राहिली. ती सैल झालेली पाहावयास टेंबे हयात नव्हते. म्हणजे ज्या वाद्याने या माणसाला भास्करबुवांच्या शेजारी बसवले, त्या वाद्याला सरकारी दारात मज्जाव होता. तरी पेटी थांबली नाही. कीर्तनात, नाटकात, मैफलीत ती वाजतच राहिली, आणि गोव्यातल्या बोरी गावी १९३४ साली जन्मलेल्या तुळशीदास बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली ती हेच वाद्य वाजवून. जे वाद्य अपुरे आहे असे जाणते लोक सांगतात, त्याच्या अपुरेपणासकट त्याच्यावर प्रेम करावयाचे नि त्यातून मींडेचा भास निर्माण करावयाचा, यात कृतज्ञतेचा खरा कस लागतो.

एवढी स्तुती केल्यावर या पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. टेंबे हे साथीदार खरे. पण ते मंडळीच्या मालकांपैकीही एक होते, आणि त्यांच्या हाती लेखणी होती. गंधर्व मंडळीत पुढे सारंगीला कादरबक्ष नि तबल्याला अहमदजान थिरकवा असे दिग्गज साथीला होते. वन्समोअरवर वन्समोअर मिळत, पद पुनःपुन्हा गायिले जाई, आणि दर वेळी ठेका तितक्याच ताजेपणाने धरावा लागे. थिरकवाखाँसाहेबांना १९७० साली पद्मभूषण मिळाले. पण पडद्याच्या अलीकडे बसून काढलेल्या त्या रात्रींची कहाणी आपण दुसऱ्यांच्याच तोंडून ऐकतो. साजिंद्याच्या जागेवरून आनंद कसा दिसतो, हे सांगणारे पुस्तक टेंबे यांच्या पुस्तकाशेजारी ठेवावे, तर फळीवरची जागा रिकामी दिसते.

ही रिकामी जागा मला भिवंडीत राहून अधिक जाणवते. आमचे गाव यंत्रमागांचे. येथे खडखडाटावाचून दिवस उजाडत नाही. लग्नसराईत माझ्या वर्गातली दोनतीन मुले पेंगत असतात, कारण बाप वा भाऊ बेंजो पार्टीत आहे आणि मुलगाही रात्री झांजा धरून गेलेला असतो. आसपासच्या आगरी गावांत धवलारीण असते. लग्नाचा एकेक विधी ती धवले गाऊन पुढे नेते; तिचा कंठ हाच तेथला मंत्र. पोथी तिच्याजवळ नसते, सगळे पाठ असते, आणि ते तिने आईकडून, सासूकडून वा शेजारणीकडून उचललेले असते. तिला कोणी गायिका म्हणत नाही. तिचा 'माझा संगीत व्यासंग' कोण लिहिणार?

आणि येथेच एक खोटे नाणे ओळखून बाजूला काढले पाहिजे. वाजवणाऱ्याला कृतज्ञता शिकवण्याची आपल्याला मोठी हौस. 'कला ही सेवा आहे', 'देवापुढे वाजवायचे त्याचे पैसे कसले', असे मंडपातले कार्यकर्ते ऐकवतात. मंडपवाल्याला नि दिवाबत्तीवाल्याला मात्र रोख देतात. टेंबे यांच्यासारखे पुस्तक अशा लोकांच्या हाती पडले तर त्याचा दुरुपयोग होईल, अशी भीती मला वाटते. म्हणून स्पष्ट सांगते : या पुस्तकातली कृतज्ञता वाजवणाऱ्याची स्वतःची आहे. ती त्याने आपल्या गुरूंना, आपल्या वाद्याला, ऐकलेल्या एखाद्या सुराला अर्पण केलेली आहे. ती बिदागीतून वजा करण्याचा हक्क ऐकणाऱ्याला नाही. ऐकणाऱ्याचे ऋण वेगळे असते आणि ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रकमेने फेडावयाचे असते.

तर मग रोज वाजवणाऱ्या माणसाला टेंबे काय देतात? यश मिळेल असे आश्वासन ते देत नाहीत. ते दाखवतात ते इतकेच की बाजूला बसलेल्या माणसालाही गाणे पुरेपूर मिळते. कदाचित समोरच्या श्रोत्यापेक्षा अधिक मिळते, कारण त्याला ते हाताने धरून न्यावे लागते. दुसऱ्याचा स्वर उत्तम लागला याचा आनंद ज्याला स्वतःच्या बोटांत जाणवतो, त्याचा एक दिवस तरी रिकामा जात नाही. दुसऱ्याच्या मुलांना घडवण्यात दिवस घालवणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे सुख थोडेफार कळते. घरातल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या बायकांना ते आमच्याहून अधिक कळत असेल.

दिवाळीच्या सुट्टीत हे पुस्तक कोठे मिळाले, जुन्या ग्रंथालयाच्या कपाटात सापडले, तर घरात सर्वांनी मिळून वाचण्याजोगे आहे. भाषा जुन्या वळणाची आहे. रागांची नावे अनोळखी वाटली तर तेवढी ओलांडून पुढे जावे. आणि दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला जाल तेव्हा एक करून पाहा : एखादे पद चालू असताना डोळे गायकावरून काढून पेटीवाल्याच्या हातांवर ठेवा. गायक थांबतो तेथे तो काय करतो, ते मुलांना दाखवा. निवेदकाने त्याचे नाव घाईत उच्चारले असेल, तर कार्यक्रमानंतर जाऊन ते पुन्हा विचारून घ्या.