एकावर एक पडणारे बिंदू : नवी मुंबईच्या संदर्भात बिंदूगणनेची चिकित्सा

भौगोलिक माहिती प्रणालीच्या, म्हणजेच जीआयएसच्या, साहाय्याने होणाऱ्या नागरी अभ्यासांत बिंदू-नकाशा हे रूढ साधन आहे. प्रत्येक घटनेसाठी एक बिंदू मांडला जातो. एकाच जागी अनेक घटना घडल्या तर बिंदू एकावर एक पडतात व पाहणाऱ्यास एकच बिंदू दिसतो. ही अडचण केवळ मांडणीची समजली जाते. वस्तुतः ती गणनेच्या मुळाशी जाते आणि नवी मुंबईसारख्या बहुमजली शहरात अधिक गंभीर होते.

समजा, नेरूळमधील एका इमारतीत डेंग्यूचे 9 रुग्ण आढळले आणि शेजारच्या सेक्टरमधील 9 रो-हाऊसमध्ये प्रत्येकी 1. नकाशावर पहिल्या ठिकाणी 1 बिंदू दिसेल, दुसऱ्या ठिकाणी 9. धूरफवारणीचे पथक प्रथम कोठे पाठवावे, हा निर्णय केवळ डोळ्यांवर सोपविला तर तो चुकण्याचाच संभव अधिक. सेक्टरच्या सीमेतील बिंदू मोजावयास सांगितले असता संगणक मात्र दोन्हीकडे 9 हाच आकडा देतो, कारण तो तक्त्यातील नोंदी मोजतो. त्याची गणना बिघडते ती माहितीच्या तथाकथित साफसफाईने. क्यूजीआयएसमधील 'डिलीट डुप्लिकेट जॉमेट्रीज' ही क्रिया फक्त स्थान पाहते, त्यास जोडलेली माहिती तपासत नाही. ती वापरताच 8 रुग्ण नाहीसे होतात. आर्कजीआयएसमधील 'कलेक्ट इव्हेंट्स' हे साधन त्या मानाने सरस होय. ते समस्थानी बिंदूंचा एक बिंदू करते, परंतु संख्या जपते. अर्थात अक्षांश-रेखांश तंतोतंत जुळले तरच. लंडनमधील 1854 च्या पटकीच्या साथीचा नकाशा करताना जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यूसाठी एक आडवी रेघ घरापाशी रचत नेली होती. संगणकाविना साधलेली ही दक्षता आजच्या अभ्यासकाने सोडावी, हे समर्थनीय नाही.

नवी मुंबईत पत्त्याचा प्रश्नही गुंतलेला आहे. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने शहराची आखणी नोड व सेक्टर अशी केली आणि सेक्टरचे क्रमांक प्रत्येक नोडमध्ये नव्याने सुरू होतात. सेक्टर 10 वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे आणि ऐरोलीतही आहे. नोडचे नाव गळाले की बिंदू भलत्याच ठिकाणी पडतो. भूखंड क्रमांक गळाला तर असे सारे बिंदू सेक्टरच्या मध्यावर साचतात. हा साठा रोगाचा नसून अपुऱ्या पत्त्यांचा असतो. अक्षांश-रेखांश दशांशाच्या तीन स्थळांपर्यंतच ठेवले तरी सुमारे 100 मीटरच्या चौकोनातील घरे एका बिंदूवर येतात.

म्हणजे दुबार नोंद, एका जागेवरील अनेक घटना आणि स्थाननिश्चितीतील स्थूलता ही तीन भिन्न कारणे नकाशावर सारखीच दिसतात. त्यांचा निवाडा नोंद क्रमांक, तारीख व सदनिका क्रमांक यांवरूनच होऊ शकतो. बिंदू किंचित सरकवून दाखविण्याची युक्ती प्रदर्शनापुरती ठीक आहे. मूळ माहितीतच स्थान बदलले तर सीमेलगतचा रुग्ण दुसऱ्या सेक्टरमध्ये मोजला जाईल. अशा अभ्यासांत नकाशाखाली एकूण नोंदी, स्वतंत्र स्थाने आणि केवळ सेक्टरपर्यंतच निश्चित झालेल्या नोंदी हे तीन आकडे छापणे बंधनकारक असावे. त्यांविना परीक्षकास नकाशा तपासण्याचा मार्गच उरत नाही.