कापडावरच्या इंकजेट शाईचं पेटंट: परीक्षणात काय तपासलं जातं आणि काय निसटतं

संशोधनाला सुरुवात करताना आपण जर्नल पेपर वाचतो आणि पेटंट बाजूला ठेवतो. भाषा रुक्ष असते, एकच वाक्य अर्धं पान चालतं. मग साहित्याचा आढावा लिहायची वेळ आली की पेटंटच्या प्रस्तावनेतली दोन वाक्यं उचलली जातात: ‘या शाईमुळे पाण्याची बचत होते’, ‘ही शाई पर्यावरणपूरक आहे’. पेटंट मिळालंय म्हणजे सरकारने तपासलंच असणार, असं आपण धरून चालतो.

हे धरून चालणं किती चुकीचं आहे ते या लेखात बघू. उदाहरण म्हणून कापडावर छापायच्या इंकजेट शाया घेतल्या आहेत, कारण हा विषय आपल्या दाराशी आहे. कुरुंदवाडच्या वरच्या अंगाला, पंचगंगेकाठी इचलकरंजी आहे. तिथल्या प्रोसेसिंगचं पाणी ज्या नदीत जातं ती नदी कुरुंदवाड-नृसिंहवाडीपाशी कृष्णेला मिळते. ‘पाण्याची बचत’ हा शब्द इथे नुसता प्रस्तावनेतला राहत नाही.

आधी शाई समजून घ्या

सुती कापडावर स्क्रीनने छापताना सगळं एकाच पेस्टमध्ये असतं: रिअॅक्टिव्ह रंग, सोडा, युरिया आणि घट्टपणासाठी सोडियम अल्जिनेटचा गम. कापड छापा, वाळवा, वाफ द्या, धुवा. वाफेत सोड्याच्या मदतीने रंग सुताला रासायनिक बंधाने चिकटतो.

इंकजेटमध्ये हीच पेस्ट चालत नाही. नोझलचं भोक काही दशक मायक्रॉनचं आणि थेंब काही पिकोलिटरचा. त्यातून हजारो मिलिपास्कल-सेकंद घट्टपणाची पेस्ट जाणार नाही. शाई साधारण १५ मिलिपास्कल-सेकंदाच्या आत हवी, पृष्ठताण २५ ते ४० मिलिन्यूटन प्रतिमीटरच्या आसपास हवा. शिवाय शाईत सोडा घातला तर रंग बाटलीतच पाण्याशी प्रक्रिया करून निकामी होईल. म्हणून सोडा, युरिया आणि गम शाईतून काढून आधी कापडावर चढवतात. त्याला प्रीट्रीटमेंट म्हणतात. शाईत उरतं ते पाणी, शुद्ध केलेला रंग, नोझल सुकू नये म्हणून ग्लिसरॉल किंवा ग्लायकॉल, थोडा सर्फॅक्टंट, बफर आणि बुरशीरोधक.

पॉलिस्टरसाठी डिस्पर्स रंग, रेशीम आणि नायलॉनसाठी अॅसिड रंग, आणि कुठल्याही कापडासाठी बाइंडर घातलेली पिगमेंट शाई, असे बाकीचे प्रकार. एवढं कळलं की निम्मं पेटंट वाचता येतं.

दावा कसा दिसतो

समजा एका अर्जातला पहिला दावा असा आहे (हा मी समजावण्यासाठी रचलाय): ‘५ ते २० टक्के रिअॅक्टिव्ह रंग, १० ते ४० टक्के बहुहायड्रॉक्सी अल्कोहोल, ०.१ ते २ टक्के सर्फॅक्टंट आणि उरलेलं पाणी असलेली, ३ ते १२ मिलिपास्कल-सेकंद स्निग्धतेची कापड छपाईची शाई.’

आता परीक्षकाच्या खुर्चीत बसा. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार तुमच्यासमोर चार मुख्य प्रश्न आहेत.

एक, हे नवं आहे का? दोन, या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का? कलम २(१)(जेए) त्यासाठी तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व मागतं, आणि त्याशिवाय गोष्ट उघड नसावी असंही म्हणतं. तीन, कलम ३(ई): हे नुसतं मिश्रण तर नाही, ज्यात प्रत्येक घटक आपापलं नेहमीचं कामच करतोय? चार, कलम १०: वर्णन पुरेसं आहे का, आणि दावे त्या वर्णनाला धरून आहेत का?

शाईच्या अर्जांत खरी झटापट होते ती तिसऱ्या प्रश्नावर. ग्लिसरॉल ओलावा धरणार, सर्फॅक्टंट पृष्ठताण कमी करणार. यात मिश्रणापलीकडे काय आहे? त्यावर अर्जदाराचं ठरलेलं उत्तर असतं: घटक एकत्र आल्यावर अनपेक्षित परिणाम मिळतो, हा बघा तक्ता.

तक्ता हाच खरा मजकूर

माझी पहिली तक्रार इथे आहे. परीक्षणात तक्ता आहे की नाही हे बघितलं जातं, पण तक्ता काय सिद्ध करतो हे तितकं खोदून विचारलं जात नाही. वाचताना तुम्ही तीन गोष्टी तपासा.

पहिली: तुलना कोणाशी? बरेचदा तुलनेच्या नमुन्यातून एक घटक पूर्ण काढून टाकलेला असतो. ग्लायकॉल काढलं तर नोझल सुकणारच, त्यात अनपेक्षित काही नाही. प्रश्न असा हवा की आधीच्या दस्तऐवजातली सगळ्यात जवळची शाई जशीच्या तशी बनवून तिच्याशी तुलना केली का? ती नसेल तर तक्ता ‘घटक कामाचा आहे’ एवढंच सांगतो. ‘शोध नवा आहे’ हे त्यातून निघत नाही.

दुसरी: फरक केवढा? धुण्याचा आणि घासण्याचा पक्केपणा आयएसओ १०५ च्या पद्धतींनी मोजतात, ग्रेड १ ते ५. हे ग्रेड अनेक ठिकाणी आजही माणूस करड्या पट्टीशी डोळ्याने जुळवून ठरवतो. एका नमुन्याला ३-४ आणि दुसऱ्याला ४ मिळाले, तर तो अर्ध्या ग्रेडचा फरक आहे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने बघितलं तर तो उलटाही येऊ शकतो. किती नमुने घेतले, कोणी बघितले, हे लिहिलेलं नसेल तर त्या फरकावर मक्तेदारी उभी करणं धाडसाचं आहे.

तिसरी: उदाहरणं किती आणि दावा किती? उदाहरणं दोन-तीन मोनोक्लोरोट्रायझिन रंगांची, आणि दावा मात्र ‘रिअॅक्टिव्ह रंग’ असा सगळ्यांवर. पण व्हिनिल सल्फोन रंग पाण्यात वेगळ्याच गतीने विघटित होतात. बाटलीतल्या टिकाऊपणाचा निष्कर्ष एका गटावरून दुसऱ्यावर तसाच नेता येत नाही. कलम १०(५) इथे लावायला हवं, म्हणजे दावा वर्णनाला न्याय्यपणे धरून हवा.

उलट बाजूही बघा

सगळा दोष अर्जदारावर टाकू नका. ‘डी१ आणि डी२ एकत्र वाचले की हे उघड आहे’ असं एका ओळीत म्हणून मोकळे होणारे आक्षेपही असतात. डी१ स्क्रीनच्या पेस्टचं असेल आणि डी२ कागदावरच्या इंकजेटचं, तर जाणकाराने ते दोन का जोडावेत, याचं कारण द्यायला हवं. पेस्टमधला सोडा शाईत टाकून चालत नाही हे आपण वर पाहिलंच. म्हणजे एका तंत्रातलं ज्ञान दुसऱ्यात आपोआप जात नाही.

अॅग्रिबोर्ड इंटरनॅशनल प्रकरणात २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हेच बजावलं. आधीचं ज्ञान काय, अर्जातला शोध काय आणि जाणकाराला तो कसा उघड वाटला असता, या तिन्हींची चर्चा नकाराच्या आदेशात हवी, नुसता निष्कर्ष पुरत नाही. तुमच्या थीसिसमधल्या ‘रिसर्च गॅप’लाही हीच कसोटी लावून बघा. आधी काय आहे, तुमचं काय आहे आणि मधलं अंतर खरंच अंतर आहे का?

जे कागदावर नाही त्याचं काय?

आता माझी मोठी तक्रार. कलम १३ नुसार परीक्षक शोध घेतो तो आधीच्या पेटंट अर्जांत आणि प्रसिद्ध दस्तऐवजांत. तो वर्गीकरणाचे कोड वापरतो: शाईसाठी सी०९डी ११/३०, त्याखाली पिगमेंटसाठी ११/३२२ आणि रंगांसाठी ११/३२८, कापडावरच्या इंकजेटसाठी डी०६पी ५/३०. मुंबईच्या कार्यालयात बसून डेटाबेसमध्ये जे सापडतं ते त्याच्यासाठी अस्तित्वात आहे.

पण प्रीट्रीटमेंटच्या कृती डेटाबेसमध्ये कुठे असतात? छपाई युनिटच्या कलर किचनमध्ये मास्तर पावसाळ्यात युरिया कमी करतो, गमचा माल बदलला की प्रमाण बदलतो. हे त्याच्या वहीत असतं, नाहीतर नुसतं डोक्यात. उद्या तेच प्रमाण कोणी दाव्यात घातलं तर परीक्षकाला ते ‘नवं’ दिसेल.

कायद्यात याला वाट आहे. पेटंट मंजूर होण्याआधी कलम २५(१) खाली कोणीही विरोध करू शकतो. भारतात आधीपासून सार्वजनिक वापरात असणं हा त्यातला एक मुद्दा, आणि स्थानिक समाजाकडचं ज्ञान, तोंडी असलं तरी, हा दुसरा. पण त्यासाठी कोणीतरी अर्ज वाचायला हवा, वेळेत विरोध दाखल करायला हवा आणि पुरावा द्यायला हवा. मास्तरची बिनतारखेची वही तिथे किती टिकेल? आणि जी कृती युनिटने गुपित ठेवली, तिचा वापर ‘सार्वजनिक’ होता हे दाखवणं आणखी अवघड.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम प्रकरणात भांड्यांच्या कामाच्या लेथवरचं एक पेटंट रद्द ठरवलं. कारखान्यात रोज होणारी छोटी सुधारणा पेटंटला पुरेशी नाही, हा त्यामागचा विचार. विचार उत्तम आहे. पण कारखान्यात रोज काय होतं, हे परीक्षकाला सांगणार कोण?

आणि ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द?

तो सहसा दाव्यात नसतो, प्रस्तावनेत असतो. परीक्षण होतं ते दाव्यांचं. शाईने नदी वाचते का, हे तपासणं परीक्षकाचं कामच नाही.

इंकजेटमध्ये उरलेली पेस्ट फेकावी लागत नाही, स्क्रीन धुवावे लागत नाहीत, ही बचत खरी आहे. पण रिअॅक्टिव्ह शाईत वाफेनंतर न चिकटलेला रंग, प्रीट्रीटमेंटचा गम आणि युरिया हे सगळं धुऊनच काढावं लागतं. युरियातला नायट्रोजन शेवटी सांडपाण्यात जातो. पिगमेंट शाईत हे धुणं टळू शकतं, पण तिथे बाइंडरमुळे कापडाचा हात बदलतो आणि घासण्याचा पक्केपणा सांभाळावा लागतो. म्हणून ‘डिजिटल म्हणजे बिनपाण्याचं’ असं पेटंटच्या हवाल्याने लिहू नका. दर मीटर कापडामागे धुण्याचं पाणी आणि त्यातला नायट्रोजन मोजणारा अभ्यास शोधा. नसेल तर तुमचा विषय तोच.

तुम्ही काय करू शकता

पेटंट कार्यालयाच्या इनपास या मोफत संकेतस्थळावर वरचे कोड टाकून एक अर्ज उघडा. मूळ दावे, परीक्षण अहवाल, अर्जदाराचं उत्तर आणि अंतिम दावे, या क्रमाने वाचा. कुठला शब्द गळला, कुठली टक्केवारी आक्रसली, ते खूण करा. मंजुरीपर्यंत दावा किती लहान झाला, त्यावरून कळतं की शोध खरा केवढा होता. एका सेमिस्टरमध्ये असे पाच अर्ज वाचलेत तर स्वतःच्या प्रयोगाचा ‘कंट्रोल’ निवडताना हात आपोआप थांबेल.

दुसरं काम जास्त मोलाचं आहे. कापडावर पीएचडी करणार असाल तर छपाई युनिटमधली कृती तारखेसह, प्रमाणांसह नोंदवा. थीसिस शोधगंगेवर गेला की ती नोंद परीक्षकाला सापडू शकणारा दस्तऐवज होते. मात्र आधी मास्तरांना आणि मालकांना विचारा. ती त्यांची रोजीरोटी आहे, आणि एकदा छापून आलं की त्यांनाही त्यावर पेटंट घेणं अवघड होतं. काय उघड करायचं आणि काय झाकायचं हे त्यांनी ठरवायचं, तुम्ही परिणाम समजावून सांगायचे.

तुमचं स्वतःचं काम पेटंटजोगं वाटत असेल तर परिषदेत पोस्टर लावण्याआधी अर्ज करा. कलम ३१ मधली बारा महिन्यांची सवलत ठरावीक परिस्थितींपुरतीच आहे, तिच्या भरवशावर राहू नका.

पेटंट म्हणजे अर्जदाराने आपली बाजू मांडलेला कागद. परीक्षक त्याला काही प्रश्न विचारतो, सगळे विचारत नाही. उरलेले प्रश्न वाचणाऱ्याने विचारायचे असतात.