न बांधलेले विमानतळ : आराखडा, कला आणि जमीन

प्रत्यक्षात न उतरलेला वास्तू-आराखडा स्वतंत्र कलाकृती ठरू शकतो काय, हा प्रश्न विमानतळाच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण होतो. इटलीच्या अंतोनियो सांतएलिया याने १९१४ मध्ये विमाने व आगगाड्या यांच्या संयुक्त स्थानकाची रेखाचित्रे काढली. प्रवासी विमानवाहतूक तेव्हा बाल्यावस्थेत होती. त्यामुळे त्या रेखाटनांचे मोल उपयुक्ततेत नव्हे, तर कल्पनाशक्तीत शोधावे लागते.

या परंपरेला वेगळे वळण दिले ते अमेरिकन कलावंत रॉबर्ट स्मिथसन याने. डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळाच्या नियोजनात १९६६-६७ मध्ये तो कला-सल्लागार होता. धावपट्टीच्या परिसरात, आकाशातून दिसतील अशा मृद्शिल्पांची कल्पना त्याने मांडली. कार्ल आंद्रे याने बाँब टाकून घडवलेले विवर सुचविले. सोल लेविट याने काँक्रीटमध्ये बंद केलेला घन. यांपैकी काहीच साकारले नाही. तरीही शिल्प इमारतीच्या दालनातून जमिनीवर आणण्याचे श्रेय या कागदी प्रस्तावांना द्यावे लागते.

मात्र या विचाराची एक मर्यादा नोंदविणे अगत्याचे आहे. त्यात पाहणारा नेहमी वर असतो आणि खालची जमीन रिकामी गृहीत धरलेली असते. आपल्याकडे ती रिकामी नसते. २०२५ मध्ये सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या आराखड्यात कमळाची प्रतिमा आहे; परंतु त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि दहा गावे उठली. आकारमानाने हे स्मिथसनच्या कल्पनेहून मोठे मृद्शिल्पच होय. फक्त त्यावर कोणा कलावंताची स्वाक्षरी नाही.

दिल्लीत कोपर्निकस मार्गाच्या कोपऱ्यावर, हबीब रहमान यांनी रचलेल्या रवींद्र भवनात ललित कला अकादमी आहे. या अकादमीने १९६८ मध्ये ‘त्रिनाले’ हे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन सुरू करून जागतिक कलाप्रवाह आपल्या दारी आणले. ज्याच्या नावाचा हा रस्ता, त्या कोपर्निकसने पाहणाऱ्याचे केंद्रस्थान नाकारले होते. काल्पनिक विमानतळ रेखाटणाऱ्या मराठी कलावंतानेही विमानाच्या खिडकीतील दृष्टी केंद्रस्थानी मानू नये. धावपट्टीबरोबर तिच्याखाली गेलेली नदी, टेकडी आणि गावांची नावेही त्याच कागदावर यावीत. आराखड्याला कलेचा दर्जा देताना समीक्षेने हाच निकष लावणे उचित ठरेल.