अभिषेकीबुवांची नाटके आणि आमचे खाँसाहेब

पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिलेल्या नाटकांपैकी आवडते कोणते, असे विचारले की बहुतेक मराठी रसिक क्षणाचाही विलंब न लावता 'कट्यार काळजात घुसली' असे उत्तर देतात. आमचेही उत्तर तेच आहे. मात्र आम्हाला तिथवर यायला बरीच वर्षे लागली आणि ते देताना आजही घशात काहीतरी अडकते. काय अडकते, ते मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक कबुली द्यायला हवी. यातले एकही नाटक आम्ही मूळ नटसंचात पाहिलेले नाही. ती जेव्हा गाजत होती तेव्हा आमचा जन्म झालेला नव्हता, आणि नांदेड-देगलूर रस्त्यावरच्या आमच्या नायगावात संगीत नाटक उतरण्याची शक्यता नंतरही नव्हती. ही नाटके आम्हाला आधी अब्बांच्या रेडिओवरून, मग कॅसेटींवरून, म्हणजे कानाने मिळाली. संहिता पुढे वाचनालयातून मिळवून वाचल्या. घरात बोली दखनी. वसंतराव देशपांड्यांची तान सुरू झाली की अम्मी आतून विचारायची, "ये मरहाटी में कव्वाली कायकी लगाए?" नाट्यसंगीतावर यापेक्षा चांगली टीका आम्ही अजून वाचलेली नाही. असो.

निवड करायची तर ती मुख्यतः चार नाटकांमधून. 'मत्स्यगंधा' (१९६४), 'ययाति आणि देवयानी' (१९६६), 'लेकुरे उदंड जाहली' (१९६६) आणि 'कट्यार' (१९६७). नंतरही बुवांनी पुष्कळ काम केले, पण या तीन-चार वर्षांत त्यांनी मराठी संगीत नाटकाची चालच बदलून टाकली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदे होती. नाटक रात्रभर चाले, 'वन्स मोअर' मिळाला की कथानक ताटकळत उभे राहायचे. बुवांनी पदे मोजकी ठेवली, आटोपशीर केली आणि ती पात्राच्या तोंडी शोभतील अशी बांधली.

या दृष्टीने सर्वांत निर्दोष नाटक 'मत्स्यगंधा'च आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. वसंत कानेटकरांची सत्यवती आणि पराशर ही माणसे गातात तेव्हा गाणे वरून चिकटवल्यासारखे वाटत नाही. आशालता वाबगावकर यांचा आवाज नाजूक. तो नाजूकपणा लपवण्याऐवजी बुवांनी तोच सत्यवतीचा स्वभाव करून टाकला. उलट रामदास कामतांच्या पराशराला भरदार, खालून वर चढत जाणारे सूर दिले. दोन गळे, दोन माणसे. एवढे साधले की दिग्दर्शकाचे निम्मे काम संगीतकारानेच केले म्हणायचे.

'ययाति'तली पदे मैफलीत फार रंगतात. आमच्या मते तीच त्यांची अडचण आहे. शिरवाडकरांची कविता आणि बुवांची चाल एकमेकांत इतकी गुंततात की नाटक बाहेरच राहते. 'लेकुरे' हा वेगळाच प्रकार. श्रीकांत मोघ्यांचे ते बोलता बोलता गाणे आणि गाता गाता बोलणे प्रसन्न आहे, पण पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटत नाही.

मग 'कट्यार' का? आणि घशात काय अडकते?

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे कथानक वाचकांना ठाऊक असेलच. विश्रामपूर संस्थानात पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांची गायकीची चुरस. जो जिंकेल त्याला राजगायकपद, हवेली आणि एक खून माफ असलेली कट्यार. खाँसाहेब जिंकतात. पंडितजींचा शिष्य सदाशिव त्यांच्याकडे विद्या मागायला येतो. खाँसाहेब ती देत नाहीत, आणि सदाशिवला ती लपूनछपून घ्यावी लागते. म्हणजे विद्या अडवून बसणारा कोण, तर आमचा उस्ताद. कट्यार हाती घेणारा कोण, तर तोच. आमच्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलाने मोबाईलवर चित्रपट पाहून दुसऱ्या दिवशी सरळ विचारले, "सर, हर बार मारने को अपनाच आदमी कायको निकलता?" त्या तासाला आम्ही उत्तर दिले नाही. व्याकरणाचा धडा पुढे चालू ठेवला.

उत्तर न देण्याचे कारण असे की प्रश्न चुकीचा नव्हता. प्रत्यक्ष इतिहास आणि हे कथानक शेजारी ठेवून पाहा. खुद्द अभिषेकीबुवा जगन्नाथबुवा पुरोहितांकडे शिकले, तसेच उस्ताद अजमत हुसेन खाँ यांच्याकडेही शिकले. खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव लाहोरात असद अली खाँ यांच्याकडून मारवा घेऊन आले, पुढे भेंडीबाजारवाले अमान अली खाँ यांच्याकडे बसले. त्यांना तालीम देणारे सुरेशबाबू माने हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच चिरंजीव. थोडे मागे जावे तर १९१६ च्या 'स्वयंवरा'ला चाली देणारे भास्करबुवा बखले नत्थन खाँचे शागीर्द, आणि केसरबाई केरकरांना घडवणारे अल्लादिया खाँ. मराठी नाट्यसंगीताच्या वाड्याचे तळघर उकरले तर तिथे ही सगळी बुजुर्ग मंडळी बसलेली आढळतील. नाटकात जे खाँसाहेब विद्या नाकारतात, त्यांची गाणी बांधणाऱ्याला आणि गाणाऱ्याला ती विद्या अशाच खाँसाहेबांनी दिलेली होती.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही वकिली करतो असे होईल. चीज लपवणारे, तालीम देताना हात आखडता घेणारे उस्ताद होते, आणि पंडितही होते. घराण्याचा अभिमान ही चीजच तशी आहे. दारव्हेकरांनी खाँसाहेबांना धर्मासाठी भांडायला लावलेले नाही, गायकीसाठी लावले आहे. दारव्हेकर नागपूरचे, लोक त्यांना 'मास्तर' म्हणत. हा झगडा त्यांनी मास्तराच्या नजरेने पाहिला आहे. विद्या कुणाला द्यायची, कुणाला नाही, आणि न दिलेली विद्या कुठे जाते? शिक्षकाची झोप उडवणारा प्रश्न आहे हा.

पण आमची निवड शेवटी संहितेमुळे नाही, चालींमुळे आहे. भुंग्याचे आणि मकरंदाचे ते पद घ्या. शब्द तेच, चाली दोन. पंडितजींच्या तोंडी ते संथ, ध्यानाला बसल्यासारखे. खाँसाहेबांच्या तोंडी तेच द्रुत, तानांनी लखलखणारे. संगीतकाराला खाँसाहेबांना खाली पाडायचे असते तर इथे फार सोपे होते. एक चाल उथळ करायची, नुसत्या कसरतीची, की श्रोत्यांनी आपोआप बाजू घेतली असती. बुवांनी ते केले नाही. दोन्ही चाली पूर्ण ताकदीच्या आहेत, आणि खरे सांगायचे तर लोक घरी जाताना खाँसाहेबांची गुणगुणतात. 'सुरत पिया की' ही रागमाला तर हिंदुस्थानी बोलीतली. मराठी नाटकात, मराठी श्रोत्यांपुढे तिला भाषांतराची गरज पडली नाही. वसंतराव ती गातात तेव्हा रागामागून राग बदलत जातो आणि कथेतला आडमुठा माणूस हळूहळू दिसेनासा होतो. आम्ही यातून असे समजतो की बुवांनी ही पदे बांधताना आपले उस्ताद समोर बसवले होते. कागदावर खाँसाहेबांना जो न्याय मिळाला नाही तो सुरांत मिळाला आहे. जरीनाची भूमिका करणाऱ्या फैयाज आपल्या सोलापूरच्या, हेही आमच्या घरात अभिमानाने सांगितले जाई.

१९६७ चे नाटक २०१५ साली पडद्यावर आले. संगीताला शंकर-एहसान-लॉय होते, खाँसाहेबांसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले. गाणी सुरेख आहेत, कव्वालीही ठसकेबाज. परंतु पटकथेने पंडितजींच्या पराभवाला एक कारण जोडले. खाँसाहेबांची बीबी त्यांना शेंदूर खाऊ घालते आणि त्यांचा आवाज जातो. आमची तक्रार आहे ती इथे. ज्याचा विजय सुरांवर उभा राहू शकत होता तो विषप्रयोगावर उभा केला. खाँसाहेबांना ते माहीत नव्हते, ही सारवासारव पुरेशी नाही. तान किती का तेजस्वी असेना, ऐकणाऱ्याच्या मनात शेंदूर राहतोच.

पाश्चात्त्य संगीतात असाच एक मामला आहे. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीने तीन बॅले लिहिले, म्हणजे शब्दांवाचून नुसत्या नृत्यातून सांगितलेली नाटके. 'स्वान लेक', 'स्लीपिंग ब्यूटी' आणि 'नटक्रॅकर'. तिकडचे रसिकही यातले कोणते सरस यावर हुज्जत घालतात. त्यातला पहिला, 'स्वान लेक', १८७७ मध्ये मॉस्कोत आला तेव्हा फारसा चालला नाही. १८९३ मध्ये संगीतकार वारला, आणि १८९५ मध्ये इतरांनी नृत्ये नव्याने बसवून, संगीतातही फेरफार करून तो उभा केला. आज जगभर ओळखला जातो तो हाच नवा अवतार. शेवट तर प्रत्येक मंडळी आपापल्या मर्जीने करते. कुठे प्रेमी जीव मरतात, कुठे जिंकतात. सूर मात्र तेच. तेव्हा 'कट्यार'चेही आणखी प्रयोग होतील, एखादा दिग्दर्शक शेंदूर काढून टाकील, एखादा आणखी काही घालील.

त्या मुलाचा प्रश्न आम्ही आठवडाभर बाळगला. मग एका मधल्या सुट्टीत त्याला बोलावून त्या पदाच्या दोन्ही चाली मोबाईलवर ऐकवल्या. कोण गातो, नाटकात कोण कोणाचा, काही सांगितले नाही. त्याने दोन्ही ऐकल्या. दुसरी पुन्हा लावायला सांगितली. "ये कौन है सर?" म्हणाला. आम्ही म्हणालो, "वसंतराव देशपांडे. उस्ताद असद अली खाँ के शागिर्द." तो थोडा गोंधळला, आणि तेवढ्यात घंटा झाली.